सायकलचं हेल्मेट: मानक कुठलं बघायचं, आणि डोक्यावर नीट बसलंय हे ओळखायचं कसं?

रंकाळा_फेरी (धागाकर्ता)
हेल्मेट घ्यायचंय. रोज पहाटे रंकाळा ते कळंबा तलाव आणि परत, रविवारी पन्हाळा नाहीतर जोतिबा. डोक्याचा घेर 58 सेंमी, चष्मा आहे, बजेट अडीच हजार. दुकानात विचारलं की एकच उत्तर मिळतं, "सीई हाय, घ्या बिनधास्त." ऑनलाइन बघायला जावं तर ईएन 1078, सीपीएससी, मिप्स अशी अक्षरंच अक्षरं. यातलं नक्की काय बघायचं? आणि हजाराचं व सहा हजाराचं यात डोकं वाचण्यात फरक किती?

गगनबावडा_गिअर
आधी अक्षरांचा निकाल लावू.

ईएन 1078 हे युरोपचं मानक. सायकल, स्केटबोर्ड आणि रोलर स्केट, तिन्हीसाठी. चाचणीत धातूचं डोकं हेल्मेटमध्ये बसवून लोखंडी ऐरणीवर पाडतात. सपाट ऐरणीवर सेकंदाला 5.42 मीटर वेगानं, म्हणजे साधारण दीड मीटर उंचीवरून. दुसरी ऐरण फूटपाथच्या कडेसारखी धारदार, तिच्यावर 4.57 मीटर वेगानं. आतल्या डोक्याला बसणारा झटका 250 जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या 250 पटीच्या) वर गेला की हेल्मेट नापास.

सीपीएससी हे अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाचं. 10 मार्च 1999 नंतर बनलेल्या, तिथं विकल्या जाणाऱ्या प्रत्येक सायकल हेल्मेटला ते लागू आहे. सपाट ऐरणीवर 2 मीटरवरून, अर्धगोल आणि कडेच्या ऐरणीवर 1.2 मीटरवरून. मर्यादा मात्र 300 जी.

म्हणजे अमेरिकेवाले जास्त उंचीवरून पाडतात पण झटका जास्त चालवून घेतात, युरोपवाले उलट. डोकं 5 किलोचं धरलं तर दीड मीटरला 73 ज्यूल आणि 2 मीटरला 98 ज्यूल ऊर्जा हेल्मेटच्या आतल्या थर्माकोलला जिरवावी लागते. त्यामुळं सीपीएससीची हेल्मेटं थोडी जाड आणि जड निघतात. काही कंपन्या एकाच नावाचं मॉडेल दोन बाजारांसाठी वेगवेगळं बनवतात, म्हणून मॉडेलचं नाव बघून मानक गृहीत धरू नका, आतलं लेबल वाचा. दोन्ही मानकं छापलेली असतील तर उत्तमच. एकच असेल तरी चालेल. एकही नसेल तर ते हेल्मेट नव्हे, टोपी आहे.

तांबडा_पांढरा
5.42 मीटर म्हणजे ताशी साडेएकोणीस किलोमीटर की राव! वाघबिळाच्या उताराला सायकल पन्नासनं सुटतीय. मग ह्या चाचणीचा उपयोग काय, पाव्हणं?

गगनबावडा_गिअर
हा घोळ सगळीकडं होतो. तो वेग सायकलचा नाही, डोकं जमिनीवर आदळण्याचा आहे. सायकल पन्नासनं पळत असली तरी डोकं खाली येतं ते दीड-पावणेदोन मीटरवरूनच. पुढं जाणारा वेग बराचसा घसरण्यात, खरचटण्यात आणि लोळण्यात जातो. सरळ खाली आदळण्याचा भाग उंचीवर ठरतो.

पण हे मोकळ्या सपाट रस्त्यावर खरं. वाटेत विजेचा खांब, कठड्याचा दगड किंवा उसाच्या ट्रॉलीचा मागचा अँगल आला तर पुढचा सगळा वेगच आदळण्याचा वेग होतो आणि तिथं कुठलंही सायकल हेल्मेट कमी पडतं. त्यामुळं गळीत हंगामात पहाटे वाघबिळाकडनं उतरताना ब्रेक हेल्मेटपेक्षा महत्त्वाचे.

थोडं गणितही बघा. 5.42 मीटरचा वेग 250 जीनं एकसारखा थांबवायचा म्हटलं तर कागदावर 6 मिलिमीटर अंतर लागतं. प्रत्यक्षात झटका एकसारखा नसतो आणि थर्माकोल पूर्ण चपटा होईपर्यंत दबत नाही, एका मर्यादेनंतर तो दगडासारखा कडक होतो. म्हणून जाडी त्याच्या काही पट ठेवावी लागते. उघड्या डोक्याला डांबरावर हे अंतर मिळतच नाही. हेल्मेटचं काम एवढंच, थांबायला सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर जागा करून देणं. बाकी रंग, टोक, शेपटी सगळी शोभा.

शाहूपुरी_सॅडल
घरात गाडीचं आयएसआय हेल्मेट पडलंय. ते जास्त दणकट असणार. तेच घातलं तर?

मोजपट्टी
नको. गाडीच्या हेल्मेटचं मानक आयएस 4151, ते मोटारसायकलच्या अपघातासाठी लिहिलंय. वजन किलोच्या आगंमागं, वारा जवळपास नाही, कान झाकलेले. पायडल मारताना अंगातली बरीच उष्णता डोक्यातून बाहेर पडत असते. जोतिबाचा चढ ताशी 8-9 किलोमीटरनं चढताना आत भट्टी होते, आणि वाकून चालवताना किलोभराचं वजन मान मागं खेचून धरतं. मागून येणारा ट्रॅक्टर ऐकू येत नाही तो वेगळाच. सायकलचं हेल्मेट साधारण 250 ते 350 ग्रॅम भरतं.

उलटंही करू नका. सायकलचं हेल्मेट घालून स्कूटर चालवणं कायद्यातही बसत नाही आणि सुरक्षेतही. इलेक्ट्रिक सायकलवाल्यांनी एवढं बघावं: मोटर 250 वॅटपर्यंत आणि वेग ताशी 25 च्या आत असेल तर ती मोटार वाहनात मोडत नाही, तिला सायकलचं हेल्मेट ठीक. त्याच्या वरची असेल तर आयएसआयचंच घ्यायचं. मधल्या वेगाच्या ई-सायकलींसाठी नेदरलँड्सचं एनटीए 8776 असं वेगळं मानक आहे. त्यात पाडण्याचा वेगही जास्त आणि डोकं झाकायची जागाही जास्त. तसं लेबल मिळालं तर 25 च्या आतल्या ई-सायकलला बरं.

कात्यायनी_कट्टा
मानकाचं झालं, आता डोक्याचं सांगतो. दुकानात मानकाला पास झालेली पाच हेल्मेटं समोर ठेवली तर त्यातली तीन तुमच्या डोक्यासाठी नापास असतात, ते कुणी बघत नाही.

मोजायची टेप भुवयांच्या वर दोन-अडीच सेंटीमीटर ठेवा आणि मागं डोक्याच्या सगळ्यात फुगीर भागावरून फिरवा. केसावरनंच मोजा, कारण घालणार केसावरच. 58 आलं म्हणजे बहुतेक कंपन्यांचा मीडियम, पण एकीचा मीडियम 54 ते 58 असतो, दुसरीचा 55 ते 59. आकडा पट्टीच्या टोकाला येत असेल तर दोन्ही मापं घालून बघायची.

घेर हा अर्धाच भाग. डोक्याचा आकार उरतोच. कुणाचं वरून बघितलं तर गोल, कुणाचं पुढं-मागं लांबट. गोल डोक्याला लांबट हेल्मेट घातलं की दोन्ही कानशिलांवर दाब येतो आणि कपाळापुढं पोकळी राहते. लांबट डोक्याला गोल घातलं की कपाळ ठणकतं आणि बाजूला दोन बोटं जातील एवढी जागा. हे पॅड बदलून सुटत नाही, मॉडेलच बदलायचं.

बायकांसाठी वेगळं: आंबाडा वर बांधला तर हेल्मेट त्याच्यावर तरंगतं. सैल वेणी किंवा खाली मानेजवळ बांधलेले केस चालतात. क्लचर आणि टोकाची पिन हेल्मेटखाली अजिबात नको, पडल्यावर तेच टाळूत घुसतं. स्कार्फ घालायचा तर पातळ सुती, एकेरी, आणि गाठ हेल्मेटच्या काठाखाली मानेवर. चार घड्यांचा स्कार्फ घातला की माप चुकलंच.

रंकाळा_फेरी
ताई, मागं फिरकी असते ना घट्ट करायला? मग थोडं मोठं घेऊन फिरकीनं आवळलं तर काय बिघडलं?

कात्यायनी_कट्टा
तिथंच सगळे फसतात. फिरकी आवळली की मागचा प्लास्टिकचा पाळणा डोक्याला घट्ट होतो, थर्माकोल जवळ येत नाही. मोठं हेल्मेट आवळून घातलं तर डोकं आणि थर्माकोल यात बाजूला पोकळी राहते, आणि आदळताना हेल्मेट आधी सरकतं, मग डोकं त्याला धडकतं. फिरकी पूर्ण सैल असताना, बक्कल न लावता हेल्मेट डोक्यावर नुसतं बसायला पाहिजे. मान हलकी हलवली तर लगेच गळून पडू नये. मग फिरकी दोन-चार खटके फिरवून बेताची करायची. शेवटच्या खटक्यापर्यंत जावं लागलं तर ते माप तुमचं नव्हे.

पाळणा वर-खालीही होतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आतल्या बाजूला तीन-चार खाचा असतात, बोटानं सोडवून खालच्या खाचेत बसवायचा. तो डोक्याच्या मागच्या उंचवट्याच्या खाली अडकला पाहिजे. उंचवट्यावरच बसला तर हेल्मेट पुढं डोळ्यावर घसरत राहतं.

मोजपट्टी
पट्ट्याचं मी लिहितो, कारण रंकाळ्यावर दहातली सात हेल्मेटं पट्ट्यातच चुकलेली दिसतात.

हेल्मेट आडवं ठेवा. पुढचा काठ भुवयांच्या वर दोन बोटं. वर बघितल्यावर काठ नुसता दिसला पाहिजे. गांधी टोपीसारखं मागं कललेलं हेल्मेट कपाळ उघडं टाकतं, आणि पडताना आधी लागतं ते कपाळ किंवा कानशील.

आता कानाजवळचं सरकतं बक्कल. पुढचा आणि मागचा पट्टा जिथं मिळतात तो सांधा कानाच्या पाळीच्या बरोबर खाली यायला हवा. दोन्ही पट्टे सरळ असावेत, कुठंही पीळ नको. एका बाजूचा सांधा वर आणि एका बाजूचा खाली राहिला तर हेल्मेट वाकडं बसतं. डावीकडं-उजवीकडं पट्टा सरकवून आधी हे सारखं करा, मगच हनुवटीकडं वळा.

हनुवटीच्या पट्ट्याखाली एक बोट जाईल एवढी ढील. तोंड मोठ्ठं उघडून जांभई द्या. हेल्मेट टाळूवर खाली ओढलं गेलं तर बरोबर. काहीच जाणवलं नाही तर पट्टा सैल आहे. उरलेलं टोक रबराच्या कडीत अडकवा, नाहीतर वाऱ्यानं फडफडून गालावर चापट्या.

मग परीक्षा. तळहात पुढच्या काठाखाली लावून वर-मागं ढकला. मागचा काठ धरून पुढं ओढा. कपाळावरची कातडी हेल्मेटसोबत हलली पाहिजे, हेल्मेट एकटं हलता कामा नये. मागं ढकलल्यावर केसांची रेघ उघडी पडली तर कानापुढचा पट्टा आवळा. पुढं ओढल्यावर डोळे झाकले गेले तर कानामागचा आवळा.

तांबडा_पांढरा
एवढं कराय लागतंय हे दुकानदारालाबी म्हाईत नसंल भावा. तो म्हणतोय "बसलं की!"

प्रयोगशाळा_बाकडं
"सीई हाय" याबद्दल थोडं. सीई ही युरोपची खूण एकटी काही सांगत नाही, मानकाचा क्रमांक शेजारी हवा. सायकल हेल्मेट हे युरोपात वैयक्तिक संरक्षक साधन, नियम 2016/425, दुसरा वर्ग. म्हणजे बाहेरच्या मान्यताप्राप्त संस्थेकडून नमुन्याची तपासणी करून घ्यावी लागते. पण दुसऱ्या वर्गात सीईशेजारी त्या संस्थेचा चार आकडी क्रमांक छापायचा नसतो. तेव्हा "चार आकडे नाहीत म्हणजे नकली" ही समजूत चुकीची.

ईएन 1078 च्या खऱ्या लेबलावर काय असायला हवं: मानकाचा क्रमांक, बनवणाऱ्याचं नाव, मॉडेल, हे सायकल-स्केटसाठी आहे असा उल्लेख, घेर सेंटीमीटरमध्ये, वजन ग्रॅममध्ये, बनवल्याचं वर्ष आणि तिमाही. लेबल हेल्मेटच्या आत असतं, बऱ्याचदा पॅडखाली. खोक्यावर मोठ्या अक्षरात मानक आणि आत कोरा थर्माकोल असेल तर ठेवून द्या.

अमेरिकी लेबलावर "सीपीएससीच्या मानकाची पूर्तता करते" अशा अर्थाचं वाक्य असतं. "सीपीएससी अप्रूव्ह्ड" असं लिहिलेलं दिसलं तर सावध व्हा, कारण ती संस्था हेल्मेटला मंजुरी देतच नाही. पूर्ततेची जबाबदारी आणि घोषणा बनवणाऱ्याची.

आणखी एक हातानं करायची तपासणी. पॅड उचलून थर्माकोल अंगठ्यानं दाबा. मणी बारीक, एकमेकांना घट्ट चिकटलेले, आणि पृष्ठभाग टणक हवा. नखानं मणी सुटून आले तर पुढं बोलायलाच नको. वरचं कवच काठावर बघा. चांगल्या हेल्मेटमध्ये पातळ पॉलिकार्बोनेटचं कवच साच्यातच थर्माकोलला एकजीव केलेलं असतं आणि खालच्या काठावर वळून आलेलं असतं. स्वस्तात ते नुसतं चिकटपट्टीनं चिकटवतात. काठावर नख सरकवलं की कवच उचलतं, आणि खालचा थर्माकोल उघडा पडून पिशवीत घासूनच झिजतो.

शाहूपुरी_सॅडल
मिप्स? त्या पिवळ्या प्लास्टिकचे जादा पैसे मोजायचे की नाही, एवढंच सांगा.

गगनबावडा_गिअर
ईएन आणि सीपीएससीच्या चाचण्या सरळ आदळण्याच्या. प्रत्यक्षात डोकं तिरकं लागतं आणि गर्रकन फिरतं, मेंदूला हिसका तिथं बसतो. मिप्स ही स्वीडनची रचना, आत घसरणारा पातळ थर. तिरक्या धक्क्यात हेल्मेट डोक्याभोवती 10 ते 15 मिलिमीटर सरकतं आणि डोकं फिरण्याचा हिसका कमी होतो. अमेरिकेतलं व्हर्जिनिया टेक विद्यापीठ 2018 पासून सायकल हेल्मेटना तारे देतं, त्यात तिरके धक्केही मोजतात. तिथला गुणांक जितका कमी तितकं हेल्मेट चांगलं, उलटं वाचू नका.

मोजपट्टी
मान्य, पण क्रम लावा. मिप्स असलेलं ढिलं हेल्मेट आणि मिप्स नसलेलं नीट बसणारं, यात दुसरं घ्यायचं. शिवाय काही मॉडेलमध्ये तो थर काही झरोके अर्धे झाकतो आणि माप मिलिमीटर-दोन मिलिमीटरनं आवळतं. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये ते जाणवतं. आणि त्या यादीत मिप्स नसलेली काही हेल्मेटंही वर आहेत, असलेली काही खाली.

गगनबावडा_गिअर
क्रमाबद्दल वाद नाही. पण दोन्ही सारखीच बसत असतील आणि फरक हजार-दीड हजाराचा असेल तर मी मिप्सच्या बाजूनं. धागाकर्त्याचा पन्हाळा उतार दर रविवारी आहे.

किमतीचा मूळ प्रश्न राहिला. हजाराचं आणि सहा हजाराचं, दोन्ही त्याच ऐरणीवर पास झालेली. वरचे पैसे जातात ते कमी वजन, मोठे झरोके, बारीक फिरकी, पटकन वाळणारे पॅड यात. मोठ्या झरोक्यांना उरलेला थर्माकोल जास्त घट्ट करावा लागतो, ते खर्चिक. म्हणजे सहा हजार सुरक्षिततेला नव्हे, घामाला दिलेले असतात. आणि कोल्हापुरात घाम स्वस्त नाही.

कात्यायनी_कट्टा
झरोके मोजू नका, मार्ग बघा. पुढच्या भोकातून आलेला वारा आत खोदलेल्या खाचेतून मागच्या भोकातून निघाला पाहिजे. नुसती वीस भोकं आणि आत खाच नसेल तर वारा वर-वरून जातो. पुढच्या झरोक्यांना आतून बारीक जाळी असेल तर बरं. उसाच्या पट्ट्यातून जाताना मधमाशी आत शिरली तर दोन्ही हात हँडल सोडतात.

पंचगंगा_पायडल
लहान मुलांचं पण सांगा कुणीतरी. सहा वर्षांची मुलगी, मागच्या शिटावर बसते आणि स्वतःची छोटी सायकलपण चालवते.

प्रयोगशाळा_बाकडं
"वाढत्या अंगाचं" म्हणून मोठं घेऊ नका, शाळेचा बूट आणि हेल्मेट यात फरक आहे. शिटावर बसायचं असेल तर हेल्मेटची मागची बाजू सपाट हवी. शेपटीसारखं टोक असेल तर पाठीला टेकल्यावर हेल्मेट पुढं डोळ्यावर ढकललं जातं. अमेरिकी लेबलावर "1 वर्ष व पुढे" आणि "5 वर्षे व पुढे" असे दोन प्रकार असतात, पहिल्यात डोक्याचा जास्त भाग झाकतात.

सायकलवरून उतरल्यावर हेल्मेट लगेच काढायला लावा. घसरगुंडीच्या फटीत हेल्मेट अडकलं आणि पट्टा सुटला नाही तर गळफास बसतो. त्यासाठी ईएन 1080 हे वेगळं मानक आहे, हिरव्या बक्कलाचं, ताण आला की ते आपोआप सुटतं. पण ते लहान पोरांच्या खेळण्यासाठी, रस्त्यावर सायकल चालवायला ते नको.

मोजपट्टी
घेतल्यानंतरचं थोडक्यात. थर्माकोल एकदाच दबतो, परत फुगत नाही. आपटलेलं हेल्मेट बाहेरून नवं दिसलं तरी आतून त्या जागी काम संपलेलं असतं. पॅड काढून उजेडात धरा, केसाएवढी रेघ दिसली तरी बाद. पाच ते दहा वर्षांत बदला. रोजच्या उन्हातलं असेल तर पाचच धरा.

मे महिन्यात बंद मोटारीत मागच्या काचेखाली ठेवू नका. चाचणीत हेल्मेट 50 अंशांपर्यंत तापवून पाडतात, बंद गाडीत काचेखाली त्याच्या वर जातं. कवच बुडबुड्यासारखं सुटलं की समजायचं. पेट्रोल, थिनर, स्प्रे रंग हे पॉलिकार्बोनेट आणि थर्माकोल दोन्हीचे वैरी, डाग पडला तर कोमट पाणी आणि अंगाचा साबण. डोक्याला खोबरेल चोपडून घालणाऱ्यांनी पॅड आठवड्याला धुवावेत. तेल आणि घाम एक झाला की पॅड कडक होतात, कपाळाला पुरळ येतं आणि वेल्क्रो सुटतो. पावसाळ्यात पॅड वेगळे काढून सावलीत वाळवा, नाहीतर आषाढात बुरशी ठरलेली.

रंग घेताना पन्हाळ्याचं धुकं आठवा. काळं मॅट दिसायला भारी, पण दहा फुटांवर दिसत नाही.

रंकाळा_फेरी
भरपूर झालं, आभार सगळ्यांचे. शेवटचं: दुकानात किती वेळ घालून ठेवायचं? आणि चष्मा?

कात्यायनी_कट्टा
दहा-पंधरा मिनिटं तरी, चष्मा घालूनच. पहिल्या दोन मिनिटांत सगळीच चांगली वाटतात. चष्म्याची काडी पाळण्याच्या किंवा पट्ट्याच्या खाली दाबली जात नाही ना बघा. काडी पट्ट्याच्या वरून जायला पाहिजे. हँडल धरल्यासारखं वाकून समोर बघा, काठ मध्ये येतोय का. मग काढा आणि आरशात कपाळ बघा. सारखा, फिकट, पट्टीसारखा वळ असेल तर घ्या. एकाच जागी लाल ठिपका असेल तर तिथं तासाभरानं डोकं दुखणार, दुसरं मॉडेल मागा.

रंकाळा_फेरी
टेप आणि चष्मा घेऊन जातो. पॅडखालचं लेबल आधी वाचायचं, मग डोक्यावर.

तांबडा_पांढरा
जा, पण मिसळ चापून जाऊ नगंस. घामानं पॅड भिजवलंस तर दुकानदार तेच हेल्मेट गळ्यात मारंल.